फाटलेल्या ताऱ्याची दहा मिनिटं

सोलापूरला मी एक फाटलेला तारा समजावून सांगायला गेले होते. परत आले ती पाच चादरी, चार नारळ, एक फेटा आणि डोक्यात ठणकणारा राग घेऊन. आठ दिवस झाले. नारळ शेजाऱ्यांत वाटून संपले, राग मात्र अजून घरात आहे, म्हणून हे लिहिते आहे. तुमच्यापैकी जे सोलापूरला गेले नसतील त्यांनी जरूर जावं. माणसं जीव लावणारी आहेत आणि शेंगाची चटणी तर अशी की आमच्या रत्नागिरीतल्या खोबऱ्याच्या चटणीने मान खाली घालावी. फक्त कुणी व्यासपीठावर बसायला बोलावलं तर आधी नीट विचार करा.

मी पुण्यात एका संशोधन संस्थेत काम करते. माझा विषय सांगितला की लोक आधी हसतात, मग जरा सरकून बसतात. महाकाय कृष्णविवराच्या फार जवळ एखादा तारा गेला, की त्याच्या जवळच्या बाजूवर ओढ जास्त आणि लांबच्या बाजूवर कमी अशी गत होते. तारा ताणला जातो, त्याचा लांब पट्टा होतो, आणि तो फाटतो. साधारण निम्मा ऐवज अवकाशात भिरकावला जातो. उरलेला कृष्णविवराभोवती गरगरत त्यात पडतो आणि पडता पडता इतका तापतो, की माणसाच्या जन्माआधी, कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेला तो उजेड आज आपल्या दुर्बिणींना दिसतो.

माझं काम या उजेडावर नाही, त्याच्याबरोबर येणाऱ्या कणांवर आहे. न्यूट्रिनो नावाचा एक कण असतो. तो तुमच्या-माझ्या अंगातून, भिंतीतून, अख्ख्या पृथ्वीतून आरपार जातो आणि कुणाला पत्ता लागू देत नाही. दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात खोलवर उपकरणं पुरून ठेवली आहेत, त्यांत क्वचित एखादा सापडतो. प्रचंड ऊर्जेचे असे काही मोजके कण अशाच फाटलेल्या ताऱ्यांच्या दिशेने आलेले दिसतात. गंमत अशी की ताऱ्याचा उजेड आधी आला आणि कण कित्येक महिन्यांनी. हा उशीर का, यावर जगभर डोकी खाजवणं चालू आहे.

सोलापुरातल्या एका कॉलेजातली एम. एस्सी.ची मुलगीही त्यावर डोकं खाजवत होती. तिचं नाव राजेश्वरी. तिच्या चव्हाण सरांनी तिचं चौदा पानांचं टिपण मला मेलवर पाठवलं होतं. मी ते बसमध्ये वाचायला घेतलं आणि माझा थांबा मागे पडला. आमच्याकडे उन्हाळ्यात दोन महिन्यांचं प्रशिक्षण असतं, पुढे तिथूनच पीएच. डी.ची वाट निघते. मला ही मुलगी हवी होती. सर फोनवर म्हणाले, तिच्या वडिलांचं अजून ठरत नाही. ते यंत्रमागावर टॉवेल विणतात. मुलगी पाच वर्षं नक्की काय शिकली हे त्यांना एकदा कानांनी ऐकायचं आहे. ऐकून पटलं तर पुण्याला पाठवतील, नाही तर एका निर्यातीच्या कारखान्यातली कॉम्प्युटरची नोकरी ठरलेलीच आहे.

मग मी अट घातली. तुमच्या कॉलेजच्या विज्ञान सप्ताहाला येईन, भाषण देईन, पण माझ्यानंतर राजेश्वरीला दहा मिनिटं हवीत. पत्रिकेत तसं छापून आलं. ती पत्रिका अजून माझ्या पर्समध्ये आहे.

गुरुवार, कुर्डुवाडी

तिकीट सोलापूरचं होतं, पण जेऊर मागे पडलं तेवढ्यात फोन आला की कुर्डुवाडीलाच उतरा, गाडी पाठवली आहे. मला वाटलं काही अडचण असेल. अडचण एवढीच होती, की सरांचं कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचं एक ज्युनिअर कॉलेज कुर्डुवाडीला आहे आणि पाहुण्यांचा पाय तिथेही लागायला हवा होता. उतरण्याच्या घाईत माझा पाण्याचा तांब्या गाडीतच राहिला. तो आईचा होता, त्यामुळे पहिल्या दिवशीच मी खट्टू होते.

त्या कॉलेजात मला एक चादर मिळाली, एक नारळ मिळाला आणि 'दोन शब्द' बोलायला सांगितलं. मी दोन वाक्यं बोलले. तिसऱ्याला घंटा झाली, कारण मुलांना रेल्वे वर्कशॉपकडून येणारी बस गाठायची होती. मला त्या मुलांचा हेवा वाटला.

कोकणातल्या माणसाला नारळ देणं म्हणजे काय ते मी कुणाला समजावून सांगत बसले नाही. पण सोलापूरकडे जाताना एका धाब्यावर ड्रायव्हरने आग्रहाने थांबवलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. ज्वारीची भाकरी पापडासारखी कुरकुरीत करून ठेवायची आणि आठवडाभर खायची ही कल्पना आमच्या दमट हवेत सुचलीच नसती. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी तिला बुरशी येईल. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, उद्या लई मोठा कार्यक्रम हाय. मालक सोता येनार." सोलापुरात बड्या असामीला आदराने मालक म्हणतात. इथले मालक म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. मी भाकरी मोडत राहिले.

शुक्रवार, सोलापूर

कार्यक्रम अकराला होता. मी पावणेअकराला पोचले तेव्हा एक माणूस खुर्च्या पुसत होता. बाहेर ऊन असं की डांबराचा वास येत होता. सभागृहात बारा पंखे, आणि प्रत्येक पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचं नाव लाल रंगात लिहिलेलं.

चव्हाण सरांनी राजेश्वरीला भेटवलं. उंच, सावळी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहणारी. तिने चार्ट गुंडाळून काखेत धरला होता आणि पेनड्राइव्ह मुठीत. शेवटच्या रांगेत पांढरा शर्ट घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून एक माणूस ताठ बसला होता. ते तिचे वडील. पाळी बदलून घेऊन आले होते. दोनला कामावर हजर व्हायचं होतं.

मालक पावणेबाराला आले. मग दीपप्रज्वलन. पंख्यांमुळे ज्योत विझत होती म्हणून पंखे बंद, मग समई लागली, मग पंखे चालू, मग समई विझली. स्वागतगीत तीन कडव्यांचं. प्रास्ताविक करणाऱ्या सरांनी संस्थेचा इतिहास स्थापनेपासून घेतला. आणि मग सत्कार.

सत्कार आमच्याकडेही होतात, मी काही अजाण नाही. रत्नागिरीत एक पुष्पगुच्छ देतात आणि तोसुद्धा पुन्हा पुढच्या कार्यक्रमाला वापरतात. इथे प्रत्येक पाहुण्याला चादर, नारळ आणि फेटा, आणि प्रत्येकाच्या आधी सूत्रसंचालकांची एक चारोळी. सूत्रसंचालक मराठी विभागाचे. माझ्यासाठी त्यांनी 'तारे' आणि 'वारे' जुळवलं. मला संस्थेची चादर, विभागाची चादर, माजी विद्यार्थ्यांची चादर आणि महिला मंचाची चादर अशा चार मिळाल्या. फोटोग्राफर म्हणाला, मॅडम, परत एकदा घ्या, डोळे मिटले. मी परत एकदा घेतली. हसलेसुद्धा.

मालकांचं मनोगत पाऊण तास चाललं. त्यांनी आधी व्यासपीठावरच्या प्रत्येकाचं नाव घेतलं, मग समोरच्या पहिल्या रांगेतल्या प्रत्येकाचं. त्यांचा आवाज भारदस्त आहे आणि मनाने ते वाईट नाहीत, हे मला कबूल केलं पाहिजे. पण मी घड्याळाकडे बघत होते. माझ्या चाळीस मिनिटांची वीस झाली. मी धावत बोलले. कण उशिरा का येतो, हा प्रश्न मी मुद्दाम उघडा ठेवला आणि म्हटलं की याचं उत्तर आता राजेश्वरी सांगेल.

तेव्हा दीड वाजला होता. राजेश्वरी पायऱ्या चढून आली, तिने पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर तिच्या आलेखाची पहिली रेघ उमटली. आणि पहिल्या रांगेतून एक वयस्कर गृहस्थ उठून दाराकडे निघाले.

ते निवृत्त ठेकेदार. सभागृहातले बारापैकी सहा पंखे त्यांचे. सूत्रसंचालकांच्या यादीत त्यांचं नाव राहून गेलं होतं. पंखे फिरत असल्यामुळे पात्यावरचं नाव कुणाला दिसलंही नव्हतं. सत्कारातून नाव गळणं ही चूक या भागात साधी नसते. त्याचे धागे पुढे निवडणुकीपर्यंत जातात, असं मला नंतर कुणीतरी सांगितलं. दोन प्राध्यापक धावले. मालक स्वतः उठले. गृहस्थ नको नको म्हणत परत आले. माईक राजेश्वरीच्या हातातून काढून सूत्रसंचालकांकडे गेला. ती बाजूला सरकली आणि पडद्याच्या कडेला, स्वतःच्या आलेखाच्या उजेडात उभी राहिली. चारोळी झाली. मग मालक माझ्याकडे वळून म्हणाले, पुण्याहून आलेल्या शास्त्रज्ञ मॅडमच्या हस्ते यांचा सत्कार व्हावा, म्हणजे त्याला शोभा येईल.

मी उठले. चादर त्यांच्या खांद्यावर घातली. नारळ दिला. फोटोसाठी थांबले.

त्यांनीही मग दोन शब्द बोलायची इच्छा व्यक्त केली. ते पंख्यांवर बोलले. शेवटच्या रांगेतला पांढरा शर्ट पावणेदोनला उठला, दारापाशी एकदा मागे वळला आणि गेला. सूत्रसंचालक म्हणाले, वेळेअभावी पत्रिकेतला उर्वरित कार्यक्रम आपण पुन्हा कधी तरी घेऊ. राष्ट्रगीत झालं. पडदा गुंडाळला गेला, तेव्हा राजेश्वरी तिथे नव्हती.

मी चव्हाण सरांना व्यासपीठामागे गाठलं आणि हवं ते बोलले. तुम्ही तिचे शिक्षक, तुम्ही जागचे हलला कसे नाहीत, तोंडात काय गुळणी धरली होती का, असं सगळं. ते तासिकांवर शिकवतात, दर वर्षी नव्याने नेमणूक होते. ते फक्त एवढं म्हणाले, "मॅडम, जूनमध्ये माझी ऑर्डर निघते. सही मालकांची असते." मी पाठ फिरवली. तेव्हा मला माझा राग फार न्यायाचा वाटत होता.

जेवण मालकांच्या घरी होतं. रागाने घास उतरला नाही असं लिहायला मला आवडलं असतं. पण त्यांच्या म्हाताऱ्या आई स्वतः पानापाशी बसून "ऊट माडरी, ऊट माडरी" असं कानडीत 'जेवा, जेवा' करत वाढत होत्या. खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, होती, तिच्यावर तुपाची धार, सोबत शेंगाची पोळी. मी हुग्गी दोनदा घेतली. मालक विचारत होते, त्या मुलीचं राहिलंच की ओ, पुढच्या वर्षी घेऊ या का? त्यांच्या बोलण्यात खरंच कसला डंख नव्हता. त्यांच्या दृष्टीने एक कार्यक्रम छान पार पडला होता आणि एक मुलगी राहिली होती. एवढ्या मायेने वाढणाऱ्या घरात बसून भांडता येत नाही, आणि ही सोय मला त्या वेळी बरीच वाटली.

शनिवार, पूर्व भाग

माझी गाडी दुपारची होती. सकाळी मी चव्हाण सरांना म्हटलं, मला तिच्या घरी घेऊन चला. ते कालचं काही न बोलता स्कूटर घेऊन आले.

सोलापूरचा पूर्व भाग म्हणजे विणकरांचा. आज्या-पणज्यांपासून तेलुगू बोलणारी ही कुटुंबं इथे आली आणि इथलीच झाली. पाट्यांवर मराठी, बोलण्यात तेलुगू, आणि दोन्हींच्या वरून दर भिंतीमागून खटाखट चाललेले माग. गल्लीत शिरलात की छातीत तो ठेका जाणवतो. इथली माणसं मोठ्याने बोलतात याचं कारण तेच. आमच्या गावी समुद्राच्या आवाजाने असंच होतं.

घर दोन खोल्यांचं. आई उंबऱ्यापाशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. बोटं थांबली नाहीत, फक्त मान हलवून तिने आत बसायला सांगितलं. वडील कामावरून येऊन झोपून उठले होते. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. राजेश्वरीने चहा आणला आणि भिंतीला टेकली.

मी सुरुवात केली. तुमची मुलगी फार हुशार आहे, तिचं काम मी वाचलं आहे, कालच्या प्रकाराची मला लाज वाटते, ती माणसं कशी, ती पद्धत कशी. मी आयोजकांना झोडपत होते आणि मला बरं वाटत होतं. वडिलांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमी सांगता म्हंजे हुशार असंल की. पन मी ऐकलं न्हाई ना मॅडम."

मी म्हटलं, मग आता ऐका. राजेश्वरी, सांग.

तिने आईकडे पाहिलं. मग कोपऱ्यातला चार्ट काढून खाटेवर पसरला, चारी टोकांवर चहाच्या बश्या ठेवल्या, आणि बोलायला लागली. तेलुगूत बोलत होती, त्यामुळे मला मधले इंग्रजी शब्द आणि तिचं बोट एवढंच कळत होतं. पण काम मला पाठ होतं. तारा फाटला, उजेड निघाला. तो उजेड चहूबाजूंनी पसरलेल्या धुळीपर्यंत पोचायला महिने लागले. धूळ तापली आणि तांबड्याच्याही पलीकडच्या, आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडात मंद चमकू लागली. कृष्णविवराजवळून सुटलेले वेगवान कण त्या चमकेवर आदळले, तेव्हा कुठे न्यूट्रिनो तयार झाले. ही कल्पना तिची नाही, आधीच मांडलेली आहे. पण सगळ्यांना खुल्या असलेल्या नोंदी घेऊन त्या धुळीचं अंतर तिने स्वतः काढलं होतं आणि उशिराशी ताडून पाहिलं होतं. शेवटच्या पानावर तिने लिहिलं होतं की अशा घटना फार थोड्या सापडल्या आहेत आणि हा सगळा योगायोगही असू शकतो. त्या एका वाक्यासाठी मला ती हवी होती. मोठमोठ्या लोकांना ते लिहवत नाही.

आईची बोटं थांबली होती. वडील चार्टवर वाकले. त्यांनी मराठीत विचारलं, बहुधा मलाही कळावं म्हणून, "म्हंजे उशीर वाटंत झाला, का निघतानाच झाला?"

काल भरलेल्या सभागृहात कुणाला सुचला नसता असा नेमका तो प्रश्न होता. राजेश्वरी हसली. "निघतानाच, नाना. वाटेत तो उजेडाच्या बरोबरीनं धावतो. माल तयार व्हायलाच उशीर झाला."

"मग बरोबर हाय," ते म्हणाले. ते खाटेच्या कडेला बसले आणि बराच वेळ त्या आलेखाकडे बघत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "जा. नोकरीचं मी सांगतो त्येन्ला."

मला इतका आनंद झाला की मी लगेच पर्समधून आमच्या प्रशिक्षणाचा अर्ज काढला. पेनही पुढे केलं. दहा मिनिटांत झालं बघा, असं काहीसं बोललेसुद्धा.

राजेश्वरीने अर्ज हातात घेतला, वाचला, आणि पुन्हा घडी घालून परत दिला. बेंगळुरूच्या एका संशोधन संस्थेचा अर्ज तिने काल रात्रीच डाउनलोड केला होता, ती तिथे जाणार होती. मला वाटलं, हिला आमच्या संस्थेची माहिती कमी असेल. मी सांगायला लागले, उपकरणं, माणसं, माझा गट. तिने मला पूर्ण बोलू दिलं.

"मॅडम, मालक तसेच आहेत, आम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "सरांची ऑर्डर असते. तुमची काय अडचण होती? माझा आलेख मागे चालू होता आणि तुम्ही चादर घालायला उठलात."

वडील तिला तेलुगूत काहीतरी बोलले, दटावल्यासारखं. तिने माझ्यावरची नजर वळवली नाही. मी संतापले. एवढ्या लांबून आलेल्या, हिच्यासाठी अट घातलेल्या बाईला ही पोर असं बोलते, हे माझ्या मनात आलंच. ओठांवर उत्तरंही आली. पाहुणी होते, शिष्टाचार असतो, अचानक झालं. यातलं एकही मी बोलू शकले नाही, कारण मला माईक कुणी नाकारला नव्हता. मी मागितलाच नव्हता. माझी ऑर्डर मालकांच्या सहीने निघत नाही. मला कशाचंच भय नव्हतं, आणि तरी मी फोटोसाठी थांबले होते.

मागांचा खटाखट आवाज चालू होता. आईने पुन्हा सूप मांडीवर ओढलं. चव्हाण सर दारात उभे होते आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हे त्यांचे उपकार.

"शिफारसपत्र मात्र तुम्हीच द्या," राजेश्वरी म्हणाली. "काम तुम्ही वाचलंय."

तिने बेंगळुरूचा छापील अर्ज आणून माझ्यासमोर ठेवला. मार्गदर्शक म्हणून तिने तिथल्या एका बाईंचं नाव आधीच लिहिलेलं होतं. मी शिफारशीचा रकाना शेवटच्या ओळीपर्यंत भरला, एकही शब्द वाढवून न लिहिता, आणि खाली सही केली.